मोकळी न्हाय, मोजलीया

आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत साहेबांना तोंडावर 'पावणं' म्हणणारा माणूस एकच होता. नवा साहेब बदलून आला, खुर्चीत बसला आणि त्यानं नकाशे मागवले, की चाचा गुंडाळी घेऊन आत जायचे आणि म्हणायचे, "घ्या, पावणं." साहेब पुण्या-नागपूरकडचा असला तर त्याला वाटायचं, कोल्हापुरातली अदब अशीच असेल. पुढं कुणीतरी त्याच्या कानावर घालायचं, की इथं एसटीत जागा मागताना अनोळखी माणसाला असं म्हणतात. मग तो चाचांना बोलावून जाब विचारायचा. चाचा शांतपणे सांगायचे, "तुमी दोन-तीन वर्सांनी जानार. आमी हितंच. म्हंजे पावणंच की तुमी."

ह्यावर रागावावं कसं हे एकाही साहेबाला सुचलं नाही.

चाचा कचेरीतले जुने ड्राफ्ट्समन. त्यांच्या आज्यानं आणि वडिलांनी संस्थानच्या काळात मोजणीची साखळी ओढली होती. घरात तीन पिढ्या नकाशाचीच भाषा. उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, पांढरा पायजमा आणि कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. सकाळी आल्यावर पहिला अर्धा तास ते ब्लेडनं पेन्सिली तासायचे. त्या अर्ध्या तासात कचेरीला आग लागली तरी त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. तो त्यांनीच केला होता आणि सगळे पाळत होते.

त्यांचा खरा अभिमान पावलांचा. त्यांचं एक पाऊल अडीच फूट. चढावर अडीच, उतारावर अडीच, उन्हात अडीच, पावसात अडीच. पायात कोल्हापुरी चप्पल असायची, आणि तिचा तळ झिजायच्या आत ते बदलून घ्यायचे. "तळ झिजला की पाऊल लांबतंय," म्हणायचे. बस सुटत असली तरी धावायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "चाचा, पळा की, बस चालली." तर म्हणाले, "पळालो तर पाऊल बिघडंल. बस दुसरी येती."

मी उचगावची. घरात म्हशी, वडील दूध घालायचे. ड्रॉइंगचा कोर्स करून मी त्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागले, तेव्हा सायकलच्या हँडलला दुधाची किटली असायची. वाटेत दोन घरी रतीब घालून मी कामावर पोचायची. कचेरीतली मी पहिली बाई. कुणी मला 'ए पोरी' म्हणायचं, कुणी 'ओ ताई'. चाचांनी पहिल्या दिवसापासून 'ट्रेसरबाई' म्हटलं. ते ऐकताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

ट्रेसरचं काम म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक मेणकापड ठेवायचं आणि खालच्या रेषा शाईनं वर उतरवायच्या. डोकं चालवायचं काम नव्हे, असं मला शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका पेठेचा नकाशा उतरवला. चाचांनी तो भिंगाखाली पाहिला आणि एका वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"विहीर."

"बघितली?"

"नाही. खालच्या नकाशात आहे."

"बघून या."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते पुढच्या कामाला लागले, म्हणून मी सायकल काढली. पेठेत दोन तास हिंडले. विहीर नव्हतीच. तिथं पिठाची गिरणी होती. गिरणीवाला म्हणाला, माझ्या बापानं विहीर बुजवून गिरण घातली. पिठानं पांढरी होऊन मी परत आले आणि सांगितलं. चाचा इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आयका! इतकी वर्सं ह्या हापिसात एका विहिरीतनं पानी उपसत्यात, आनि तितं लोक जोंधळं दळत्यात!"

मग माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "उतरवनाऱ्याची बी सही असती खाली. काढणार, उतरवणार, तपासणार. तीन सह्या. तुमची मधली. मधली म्हनून ती ल्हान न्हाय."

ईदेला त्यांच्या घरी गेले होते. बसायची खोली छोटी, पण भिंतीवरची फळी, कॅलेंडर, कपड्यांची दोरी, सगळं पाण्यासारखं समपातळीत. चाचीनं शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि माझ्याजवळ तक्रार मांडली. "लग्नात काझी विचारतोय, कबूल हाय का. सगळी ह्यांच्या तोंडाकडं बघत बसल्यात. आनि हे काय म्हनले म्हाईत हाय? म्हनले, मांडवाचा डावा खांब वाकडा हाय. खांब सरळ केला, आनि मग ह्यांनी कबूल म्हटलं. तवर माझ्या काळजाचं पानी झालतं की वो!"

चाचा खाली मान घालून शीरखुर्मा पीत राहिले. मग म्हणाले, "वाकडाच हुता."

आता बागेचं सांगते.

राजारामपुरीकडं जाणाऱ्या एका रस्त्याला लागून जुनी बाग होती. फार देखणी वगैरे नव्हती. कारंजं कधीच बंद पडलेलं, बाकांच्या फळ्या निघालेल्या. पण आजूबाजूला घरं दाट होत चालली होती, आणि त्या भागातल्या लोकांना पाय मोकळे करायला तेवढीच एक जागा होती. एक दिवस बातमी आली की तिथं व्यापारी संकुल होणार. खाली दुकानं, वर सिनेमागृह, मागं मोटारी लावायची सोय. गावातली एक वजनदार असामी मागं होती. ठराव सभेपुढं जायचा होता आणि त्याला नकाशा जोडायचा होता.

साहेबांनी चाचांना बोलावलं. मी दाराजवळच्या टेबलावर होते, सगळं ऐकू आलं.

"हद्द दाखवा. आत काही दाखवायची गरज नाही. मध्ये लिहा, मोकळी पडीक जागा. चार दिवसांत पाहिजे."

"बघून येतो, पावणं," चाचा म्हणाले.

"बघायचं काय त्यात? बाग सगळ्यांनी बघितलेली आहे."

"मी मोजलेली न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप घेतला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही बागेत गेलो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चाचांना झाडाझुडपांचं जराही प्रेम नव्हतं. मोहर आला की त्यांना शिंकांवर शिंका यायच्या. फुलाला ते वाकून बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "झाड म्हंजे नकाशात एक गोल. बाकी मला काय बी कळत न्हाय." त्यामुळं बाग वाचवायला ते गेले असं पुढं लोक बोलू लागले, ते खरं नव्हे. ते मोजायला गेले होते.

त्यांनी प्रत्येक झाड मोजलं. फाटकाच्या डाव्या खांबापासून किती पावलं, तिथून उजवीकडं किती. आधी पावलांनी, मग खात्रीला टेपनं. दोन्ही जुळलं की मी वहीत लिहायची. झाडाचं नाव त्यांना सांगायच्या बागेत झाडलोट करणाऱ्या मावशी. कमरेला पदर खोचलेला, हातात खराटा, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल.

"ह्यो कडुनिंब. ही बकुळ. ह्ये जांभळ. व्हय वो, झाडं मोजून काय करनार हायसा?"

"कागदावर घालनार."

"कागदावर घालून?"

"ते माज्या हातात न्हाय. माज्या हातात कागद."

दोन दिवसांत झाडं संपली. तिसऱ्या दिवशी चाचा सकाळी उजाडताना गेले आणि अंधार पडेपर्यंत एका दगडावर बसून राहिले. मला म्हणाले, "आता मान्सं मोजू." मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. जमिनीच्या नकाशात नुसती जमीन नसते, वहिवाट असते. कुठनं पायवाट जाते, कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरतं, हेही दाखवायचं असतं. जी जागा लोक रोज वापरतात तिला पडीक म्हणता येत नाही. "माझ्या आज्यानं पानंदी दावल्या, बैलं कुठनं जात्यात ते दावलं. मग मान्सं कुठं बसत्यात ते का दावू न्हाय?"

म्हणून त्यांनी तेही टिपलं. कडुनिंबाखाली सकाळी पेन्शनर बसतात, पेपर एक आणि वाचणारे सात. बकुळीखाली दुपारी जवळच्या कारखान्यातल्या बायका भाकरी खातात. जांभळाखाली परीक्षेची मुलं अभ्यास करतात, कारण घरी एक खोली आणि माणसं नऊ. मागच्या बाजूनं एक पायवाट जाते, तिच्यावरनं बाळंतिणीचे डबे घेऊन बायका दवाखान्यात जातात. हे सगळं त्यांनी नकाशात, त्या-त्या जागी, मोत्यासारख्या बारीक अक्षरात लिहिलं.

नकाशा पाहून साहेब लाल झाले. "मी मोकळी जागा म्हणालो होतो!"

"मोकळी न्हाय, पावणं. मोजलीया मी."

"हे असलं सभेपुढं जाणार नाही."

"मग दुसऱ्याकडनं काढून घ्या. माझ्या हातनं गोल पुसला जानार न्हाय."

साहेबांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी मला आत बोलावलं. दार लोटलं. मूळ नकाशा माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "ह्याची हद्द तेवढी उतरवा. आतलं काही उतरवायचं नाही. तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तुम्हाला माहीत आहेच."

माहीत होतं. वडिलांची एक म्हैस त्याच महिन्यात दगावली होती आणि घरात माझा पगार येत होता. मी नकाशा घेऊन टेबलाशी बसले, मेणकापड लावलं आणि हद्दीच्या चार रेषा ओढल्या. त्या चार रेषांच्या आत बघत मी दिवसभर बसले. चाचांना सगळं कळलं होतं. संध्याकाळी जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"चाचा, काय करू?"

"मी सांगनार न्हाय," ते म्हणाले. "मला पेन्शन जवळ आलीया. तुमचं सगळं म्होरं हाय. तुमी काय बी केलासा तरी मी तुमाला ट्रेसरबाईच म्हननार." आणि निघून गेले.

त्यांनी मला काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान राग तरी काढता आला असता. घरी सायकलवरनं जाताना मी पेठेतल्या त्या पिठाच्या गिरणीवरनं गेले. उगीचच गेले, वाट तिकडची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाई घेतली आणि पहिला गोल काढला. मग दुसरा. सगळी झाडं उतरवली, सगळी अक्षरं उतरवली. उतरवणार म्हणून खाली सही केली. सभेच्या दिवशी सकाळी साहेब घाईत होते. मी गुंडाळी पुढं केली. त्यांनी गुंडाळीचा खालचा कोपरा तेवढा उलगडला, तपासणार ह्या शब्दापुढं सही ठोकली आणि गुंडाळी काखेत मारली.

सभागृहात नकाशा टांगायला मलाच नेलं होतं. ठराव मांडणारे उभे राहून सांगत होते, की ही मोकळी पडीक जागा शहराच्या गळ्यातलं लोढणं झालंय, आणि मी त्यांच्या पाठीमागं हळूहळू गुंडाळी उलगडत होते. खालच्या टोकाला दोन खिळे लावून मी बाजूला झाले. एवढासा नकाशा, पण गोलांनी गच्च भरलेला. लांबून त्यावर काळ्या मुंग्या चालल्यासारख्या दिसत होत्या. साहेबांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

सभासदांत एक वयस्कर गृहस्थ होते. शेतीवाडीवाले, पटका बांधणारे, कमी बोलणारे. ते ठरावाच्या बाजूनं हात वर करणार हे सगळ्यांनी धरलं होतं. ते उठले, चष्मा लावला आणि नकाशाजवळ येऊन वाचू लागले. आधी मनात, मग मोठ्यानं. एकेक ओळ वाचली तसं लोक हसायला लागले. पेपर एक आणि वाचणारे सात, ह्यावर तर मागं बसलेल्या पेन्शनरांनी टाळ्या वाजवल्या.

"आनि हितं काय लिवलंय," ते म्हणाले. "पश्चिमेच्या बाकावर संध्याकाळी साडेपाच वाजता एक गृहस्थ येऊन बसतात. कोणाशी बोलत नाहीत. दिवेलागणीला उठून जातात."

लोक पुन्हा हसले. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"त्यो मी हाय," ते म्हणाले.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मंडळी गेल्यापास्नं जातोय. घरात तिच्या खुर्चीकडं बघवत न्हाय. मला वाटलतं कुनाला म्हाईत न्हाय." त्यांनी ठराव मांडणाऱ्याकडं बघितलं. "मी बसतोय तवा ती जागा पडीक कशी वो? का मीच पडीक?"

त्या दिवशी मतदान झालं नाही. ठराव मांडणाऱ्यांनी सांगितलं, हा नकाशा म्हणजे कुणा म्हाताऱ्याची कादंबरी आहे, जुने कागद बघून काढलाय, जागेवर तसं काही नाही. त्यावर पटकेवाले म्हणाले, मग चला जागेवर. पुढच्या आठवड्यात नकाशा हातात घेऊन सगळ्यांनी बाग बघायची असं ठरलं.

साहेबांना नकाशा नाकारता येईना, कारण त्यावर त्यांचीच सही होती. मला त्यांनी काही केलं नाही, फक्त माझी नोकरी कायम व्हायला पुढं फार दिवस लागले. चाचांची मात्र दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर बदली झाली. काम एकच, तासातासाला पाण्याची पातळी वहीत लिहायची. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. चाचा ब्लेड आणि पेन्सिली रुमालात बांधून निघाले. चार दिवसांनी टाकीवरनं त्यांचं पत्र कचेरीत आलं. त्यांनी टाकी मोजली होती आणि ती कागदोपत्री होती त्यापेक्षा लहान निघाली होती.

पाहणीच्या दिवशी मी लवकर बागेत गेले, तर फाटकातच मावशी. केस विस्कटलेले, हातात खराटा.

"घात झाला गं बाई! तीन झाडं न्हाईत!"

कडुनिंब नव्हता, बकुळ नव्हती, जांभूळ नव्हतं. आदल्या दिवशी बागेला सुटी होती आणि मावशी माहेरी कागलला गेल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी झाडं कापून, गाडीत घालून नेली होती. नुसती कापली नव्हती. बुंधे जमिनीच्या खाली तोडून वर माती लोटली होती आणि त्यावर हिरवळीचे तुकडे बसवले होते. बघणाऱ्याला वाटावं, इथं कधी काही नव्हतंच.

सगळे जमले. ठराव मांडणारे, साहेब, पटकेवाले, आणि आजूबाजूची दोनेकशे माणसं. नकाशा वाचत मंडळी पुढं सरकत होती. पहिली काही झाडं जुळली. मग कडुनिंब आला, आणि तिथं नुसती हिरवळ.

"बघा!" ठराव मांडणारे म्हणाले. "मी काय सांगत होतो? नकाशात झाड, जमिनीवर गवत!"

"परवापर्यंत होतं!" पेन्शनर ओरडले.

"पडलं असेल दोन-तीन वर्षांमागं वाऱ्यानं. तुम्हाला रोज बघून-बघून आहे असं वाटतंय. जुन्या कागदावरनं उतरवलेलं आहे हे."

साहेबांनीही मान डोलावली. "आमच्या कचेरीत असं होतं कधीकधी. एका नकाशात विहीर होती आणि तिथं पिठाची गिरणी निघाली. ह्या चाचांनीच ते शोधून काढलं होतं."

ती गिरणी मीच बघून आले होते. गर्दी कुजबुजू लागली. लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास हलतो तो कसा, हे मी त्या दिवशी बघितलं. रोज त्या झाडाखाली बसणारा एक जण शेजाऱ्याला विचारत होता, "हितंच हुतं न्हवं?"

पटकेवाले म्हणाले, "ज्यानं काढलाय त्याला बोलवा."

टाकीवर माणूस गेला. तासाभरानं चाचा आले, चालतच. घाम पुसला, टोपी नीट केली. त्यांना सगळं सांगितलं. मी नकाशा पुढं केला, तर त्यांनी तो घेतला नाही. ते सरळ फाटकापाशी गेले, डाव्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि चालायला लागले.

माणसं दोन्ही बाजूंना सरकली. चाचा ओठ हलवत मोजत होते. चपलेचा आवाज तेवढा येत होता, घड्याळासारखा, एकसारखा. मला मागं वहीत लिहिलेला आकडा आठवत होता आणि मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होते. एकसष्टाव्या पावलाला ते थांबले. उजवीकडं वळले. एकोणीस पावलं गेले. उभे राहिले आणि पायाखाली बोट दाखवलं.

"हितं उकरा."

ठराव मांडणारे म्हणाले, "बागेची नासधूस करायची परवानगी कुणी—"

मावशींनी ते पुरं होऊ दिलं नाही. खराटा टाकून त्यांनी कुदळ आणली आणि पदर खोचून पहिला घाव घातला. हिरवळीचा तुकडा गोधडीसारखा अलगद निघाला. खाली भुसभुशीत माती. चौथ्या घावाला कुदळ लाकडावर आपटली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. हातांनी माती बाजूला केली तर आत बुंधा. ताजा, ओला, आणि कडुनिंबाचा कडवट वास सगळ्या हवेत पसरला.

पटकेवाले गुडघ्यावर बसले. त्यांनी बुंध्याला हात लावला आणि ओली बोटं साहेबांपुढं धरली.

चाचा म्हणाले, "ह्याला तीन वर्सं झाली म्हना आता, पावणं."

कुणी उत्तर देण्याची वाट न बघता ते पुढं निघाले. बकुळीपाशी थांबले, बोट दाखवलं. जांभळापाशी थांबले, बोट दाखवलं. तिन्ही जागी बुंधा निघाला. एकदाही वीतभर चूक नाही. तिसऱ्या बुंध्याला लोकांनी जो आवाज केला तो मी कुस्तीच्या मैदानावरनंही कधी ऐकला नव्हता. टोप्या उडाल्या. पेन्शनर एकमेकांच्या गळ्यात पडले. कारखान्यातल्या बायका जेवणाची सुटी सोडून आल्या होत्या, त्या मावशींना मिठ्या मारत होत्या. मी दुधाची किटली हातात घेऊन उभी होते आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते, "ते आमचे चाचा. माझ्या कचेरीतले. मी त्यांच्या हाताखाली शिकले." तिनं विचारलं नव्हतं. तरी मी तीनदा सांगितलं.

ठराव पुन्हा सभेपुढं आलाच नाही. मांडणाऱ्यांनी स्वतःच मागं घेतला. बाग आजही आहे. कारंजं दुरुस्त झालंय, बाकांना नव्या फळ्या बसल्यात. पटकेवाले आणखी सहा-सात वर्षं साडेपाचला येऊन बसत होते. फरक एवढाच पडला, की शेजारी पेन्शनर येऊन बसू लागले आणि त्यांना बोलावं लागू लागलं. साहेब बदलून गेले. चाचा टाकीवरनंच निवृत्त झाले. त्यांना परत टेबलावर आणायचं नव्या साहेबांनी ठरवलं होतं, पण त्यांनीच नको म्हटलं. टाकीचे आकडे अजून बरोबर बसत नव्हते. त्यांच्या मयतीला राहत्या पेठेतली माणसं होतीच, पण बागेकडची माणसंही चालत आली होती, आणि मावशी सगळ्यांत पुढं. मी पुढं त्यांच्याच टेबलावर बसले आणि त्यांच्याच जागी निवृत्त झाले. माझ्या हाताखाली जी मुलं-मुली शिकली, ती आज कुठंकुठं मोठ्या जागांवर आहेत. कुणी विचारलं की तुमचं शिक्षण कुठं झालं, तर मी कोर्सचं नाव सांगत नाही, चाचांचं सांगते.

पण मला ते आठवतात ते पाहणीच्या दिवशीचे नव्हे. त्यानंतरच्या रविवारचे. कचेरी बंद होती, मी राहिलेलं काम उरकायला आले होते. चाचा दारात उभे. त्यांचीही टाकीवरची सुटी होती.

"मूळ नकाशा काढा जरा."

मी तो टेबलावर पसरला. त्या आठवडाभरात तो नकाशा बघायला शहरातनं माणसं येत होती. लोक त्या तीन गोलांवर बोट ठेवून पोराबाळांना दाखवत होते. कुणीतरी म्हणालं होतं, ह्याला फ्रेम करून सभागृहात लावा. चाचांनी पेन घेतलं, शाई भरली आणि कडुनिंबाच्या गोलावर आडवी रेघ ओढायला सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच धरला. "चाचा, नको. ही राहू द्या. ह्या तीन झाडांनीच तर बाग वाचवली."

"व्हय," ते म्हणाले. "बाग वाचली. ती न्हाय वाचली."

मी हात सोडला. त्यांनी तिन्ही गोलांवर रेघ ओढली. हात अजिबात हलला नाही. मग प्रत्येकाशेजारी त्याच बारीक अक्षरात लिहिलं, 'तोडलेले'. बकुळीजवळ आल्यावर त्यांना शिंक आली, आणि खोलीत फुलांचं तर काही नव्हतं. त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, मग डोळे पुसले, आणि रुमालाची चौकोनी घडी करून खिशात ठेवली.

"शाई वाळू द्या," ते म्हणाले. "मग गुंडाळा."